रकाना क्रमांक सात

ग्रामपंचायतीचा अर्ज, टोपण हरवलेला पेन.
सातवा रकाना: घराचा प्रकार.
कच्चे. पक्के. एकावर खूण करा.
मी सोयरू मेस्त्र्यांच्या खळ्यात उभी,
पायाखाली कालचं सारवण, अजून हिरवट ओलं,
आणि मेस्त्री विचारतात,
"बाय, ह्यां कोणी इचारल्यान?"

मी म्हटलं, वरून आलंय.
त्यांनी वर पाहिलं.
आढ्याकडे.

आढं किंजळीचं.
पेंडूरच्या रानातून चौघांनी खांद्यावर आणलं
आणि आणल्या आणल्या खाडीच्या चिखलात पुरलं,
तीन महिने. "मीठ मुरला की कीड थू करून जाता."
त्या तीन महिन्यांत
चौघांपैकी एकाचं लग्न झालं, एक बोटीवर गेला,
आढं तेवढं भरती-ओहोटीखाली पडून होतं.

जोत्याला चिरा. तो यांनीच खणलेला,
दिवसा दुसऱ्यांसाठी, सांजावल्यावर स्वतःसाठी.
"खाणीत चिरो मऊ, कोयत्यान तासूक येता.
भायर काडलो, वारो खाल्ल्यान, पाऊस खाल्ल्यान,
मगे घट्ट जाता.
ह्येका काय म्हणशात तुमी? कच्चो काय पक्को?"
मी अर्ज उलटून पाहिला.
मागे फक्त सूचना होत्या.

भिंतीची माती कुठून विकत आणली नाही.
घरामागे बावडी खणली,
जे निघालं ते उभं केलं.
आज मेस्त्र्यांच्या घरात जेवढी भिंत आहे
तेवढंच मागे पाणी आहे,
वैशाखात थोडं कमी.

तूस घालून आठ दिवस माती कुजवली,
मग चांदण्यात तुडवली, सात जणांनी.
"सात खंयचे? नव!" आतून भागिरथीबाय.
"बायल माणसां मोजूक नाय ह्यांनी."
मेस्त्री गप्प. मग म्हणाले, नव.

एका दिवसाला एक हात भिंत. वर नाही.
घाई केली तर खालचा थर दबतो,
भिंतीला पोट सुटतं.
(मेस्त्र्यांना ते आयुष्यात सुटलं नाही.)

दार ठेंगणं. आत जाताना माझं कपाळ चौकटीला लागलं.
"वाऱ्याक येवचा आसात तर वाकान येवंदे," ते म्हणाले,
आणि मला तांब्याभर पाणी दिलं.
पश्चिमेला खिडकी नाही.
समुद्र तिकडेच, माडांच्या पलीकडे,
पण त्याला खिडकीतून काय बघायचं,
आषाढात तो स्वतःच येतो,
आडवा, भिंतीवर.
म्हणून मे सरता सरता झावळ्यांची झड बांधायची
आणि दिवाळीला सोडून चुलीत घालायची.
घराचा रेनकोट, मी म्हटलं.
त्यांना ते आवडलं नाही.

चुलीशेजारी एक कोनाडा आहे.
भिंत ओली असताना भागिरथीबायने करवंटीने कोरला,
पुरुष जेवायला बसले होते तेवढ्यात.
नकाशात नव्हता.
नकाशाच नव्हता.

मग मी खरं ते सांगितलं:
कच्चे लिहिलं तर पैसे मिळतील,
पण घर नवं लागेल, सिमेंटचं,
फोटो काढायला साहेब येतील.
पक्के लिहिलं तर काही नाही.

मेस्त्री बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
कौलं बहुतेक. गेल्या वादळात दोनशे गेली.
"कच्चा लिही," म्हणाले. "बघूया."
आतून आवाज: "पाडल्यार माती खंय टाकतलास?
बावडेत?"

टेबल नव्हतं. कागद भिंतीला टेकवून खूण केली.
पेन अडखळला.
मातीतून वर आलेलं एक तूस होतं तिथे,
नखाएवढं, कधीच्या कुठल्या भाताचं,
अजून पिवळं.
खूण वाकडी गेली,
थोडी कच्चेवर, शेपूट पक्केत.
साहेब विचारतील.

"च्या घेऊन जा गो," भागिरथीबाय म्हणाली,
आणि कोनाड्यातून साखरेचा डबा काढला.
तो तिथे घट्ट बसतो.
काढताना जरा फिरवावा लागतो.